जखमीचा दावा, मृताचा दावा: फरक कुठे पडतो?

पस्तीस वर्षांच्या एका माणसाचे उदाहरण घेऊ. स्वतःचे छोटे गॅरेज, महिन्याला वीस हजारांची कमाई, घरात पत्नी, दोन शाळकरी मुले आणि म्हातारी आई. रात्री दुचाकीवरून घरी येताना त्याला मागून ट्रकची धडक बसते. यापुढे दोन शक्यता आहेत. एक तर तो जागीच जातो, किंवा मणक्याला मार लागून कमरेखाली कायमचा लुळा होतो. दोन्ही वेळी चूक ट्रकचालकाची, विमा कंपनी तीच आणि मोटार अपघात दावे न्यायाधिकरणही तेच. तरीही नुकसानभरपाईचे हे दोन दावे मुळातच वेगळे असतात. दावा कोणी करायचा, भरपाई कशाची मागायची आणि डॉक्टरांचा कोणता कागद लागतो, या तिन्ही गोष्टी बदलतात. घरच्यांना हे बहुतेक वेळा वकिलाकडे गेल्यावर कळते. तोवर रुग्णालयातले कागद लिहून झालेले असतात.

नुकसान नेमके कोणाचे?

जखमी माणूस स्वतःच्या नुकसानीसाठी भांडतो. वेदना त्याच्या, बुडालेली मजुरी त्याची, पुढच्या शस्त्रक्रियांचा खर्चही त्याचाच. माणूस गेल्यावर त्याच्या वतीने वेदनांचा हिशेब मागणारे कोणी उरत नाही. नुकसान होते ते मागे राहिलेल्यांचे.

हे आज उघड वाटते, पण कायद्याला ते पटायला वेळ लागला. १८०८ साली इंग्लंडमध्ये घोडागाडीच्या अपघातात पत्नी गमावलेल्या एका माणसाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की माणसाचा मृत्यू हे दिवाणी न्यायालयात भरपाई मागण्याजोगे नुकसान नाही. म्हणजे एखाद्याचा पाय मोडला तर पैसे द्यावे लागत, जीव गेला तर नाही. रेल्वे आली, अपघात वाढले, आणि १८४६च्या कायद्याने हा नियम इंग्लंडमध्ये मोडीत काढला. त्याच धर्तीवर भारतात १८५५ साली 'फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्ट' आला. पत्नी, पती, आईवडील आणि मुले यांना भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला. आज रस्ते अपघातांचे बहुतेक दावे मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६खाली चालतात.

एकाच माणसाचे दोन हिशेब

मृत्यूच्या दाव्यात न्यायालय एकच मुख्य प्रश्न विचारते: हा माणूस जगला असता तर घराला किती देत राहिला असता? सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत त्याचे सूत्र ठरवून दिले आहे. आपल्या गॅरेजवाल्याची वर्षाची कमाई २ लाख ४० हजार. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाची कमाई पुढे वाढली असती, म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले ३ लाख ३६ हजार. तो स्वतःवरही काही खर्च करत असणार. घरात चार अवलंबून असतील तर त्यापोटी एक चतुर्थांश वजा होतो. उरले २ लाख ५२ हजार. पस्तीस वर्षांच्या वयाला गुणक १६. गुणाकार होतो ४० लाख ३२ हजार. याशिवाय अंत्यविधी, वारसांना मिळू न शकलेली शिल्लक आणि सहवासाला मुकणे यासाठी ठरावीक छोट्या रकमा मिळतात. सहवासासाठी २०१७ साली ४० हजार रुपये ठरले आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ सांगितली गेली. दुःख किती मोठे, याचा हिशेब इथे होत नाही.

आता तोच माणूस लुळा होऊन जगला असे धरू. त्याची कमावण्याची ताकद पूर्ण गेली, तर ३ लाख ३६ हजारांना थेट १६ ने गुणतात. स्वतःच्या खर्चाची वजावट नाही, कारण तो जिवंत आहे आणि त्याला खायचे आहे. रक्कम होते ५३ लाख ७६ हजार. त्यावर झालेला आणि पुढे होणारा औषधोपचार, चाकाची खुर्ची, प्रवास, सांभाळणाऱ्याचा पगार, वेदना आणि आयुष्यातला गेलेला आनंद हे सगळे वेगळे. २०२०च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला जबर मार बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी दिवसरात्र दोन मदतनीस धरले. त्यांच्या पगारालाच १८ ने गुणून २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले.

म्हणजे जखमीचा दावा मृताच्या दाव्यापेक्षा मोठा असू शकतो. ऐकायला विचित्र वाटले तरी त्यात न्याय आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात कमाई थांबते, खर्च मात्र रोज वाढतो. म्हणूनच 'जीव वाचला ना, मिळतील ते घेऊ' असे म्हणून घाईने तडजोड करणे महागात पडते.

घरकाम करणाऱ्या स्त्रीचेही तसेच. तिला पगार नसला, तरी तिच्या कामाची किंमत धरून भरपाई ठरवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. 'ती काही कमवत नव्हती' हे उत्तर आता चालत नाही.

टक्के शरीराचे की कमाईचे?

जखमीच्या दाव्याचा कणा म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. डॉक्टर लिहितात, 'उजव्या पायाचे ४५ टक्के कायमचे अपंगत्व.' पण हा आकडा एका पायाचा आहे, सबंध शरीराचा नाही. आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्केही नव्हेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे सोप्या उदाहरणाने समजावले. डावा हात गेला तर सुतार किंवा वाहनचालक यांची रोजी जवळपास पूर्ण बुडते. कारकुनाची नोकरी टिकू शकते. जखम तीच, नुकसान वेगळे.

म्हणून प्रमाणपत्र घेताना रुग्णाचे काम डॉक्टरांना नीट सांगावे. उकिडवे बसणे, जिने चढणे, ओझे उचलणे, पकड धरणे यांपैकी काय जमत नाही, हे नोंदीत यायला हवे. न्यायाधिकरणासमोर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्षही बहुधा लागते. नुसता कागद जोडून भागत नाही.

चार महिन्यांनी आलेला मृत्यू

सर्वांत अवघड प्रकरणे या दोहोंच्या मधली असतात. मणक्याला मार लागलेला रुग्ण घरी येतो. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, त्यात जंतुसंसर्ग होतो आणि तो रक्तात पसरतो. किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुफ्फुसात जाते. किंवा न्यूमोनिया होतो. अपघातानंतर चौथ्या महिन्यात तो जातो. वैद्यकीयदृष्ट्या हा मृत्यू त्या अपघाताचाच आहे. पण मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून फक्त 'हृदय व श्वास बंद पडणे' असे लिहिलेले असले, तर विमा कंपनी विचारते की याचा अपघाताशी संबंध काय?

हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच बंद पडतो. ते मृत्यूचे कारण नव्हे, मृत्यूची रीत आहे. कारण लिहिण्याच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये म्हणूनच साखळी मांडायची असते: वर तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे झाले आणि तळाशी मूळ कारण. 'जंतुसंसर्ग, पडून राहिल्याने झालेल्या जखमा, अपघातात मणक्याला इजा' अशा तीन ओळी असल्या तर दावा उभा राहतो. अपघाताच्या जखमांशी संबंधित मृत्यू कितीही उशिरा आला, तरी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. 'आता कशाला त्यांचे हाल' ही घरच्यांची भावना समजण्यासारखी आहे, पण शवविच्छेदन नसले तर पुढे हा दुवा जोडणे कठीण होते.

आणि जखमी माणूस दावा चालू असताना वेगळ्याच आजाराने गेला तर? पूर्वी त्याच्याबरोबर त्याचा दावाही बराचसा संपत असे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बदलले. मृत्यूचा अपघाताशी संबंध असो वा नसो, जखमेच्या भरपाईचा हक्क आता वारसांकडे जातो. मात्र घराच्या बुडालेल्या आधाराची भरपाई हवी असेल, तर मृत्यू अपघातामुळेच झाला हे दाखवावे लागते.

काय जपून ठेवावे

रुग्णालयातली पोलिसांकडे जाणारी एमएलसी नोंद, एफआयआर आणि पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व एमआरआयच्या फिल्म, औषधांची मूळ बिले आणि प्रवासाच्या पावत्या एका फाइलमध्ये ठेवाव्यात. कमाईचा पुरावा, म्हणजे बँकेची नोंद, विवरणपत्र, दुकानाचा परवाना यांतले जे असेल ते, दोन्ही दाव्यांत लागतो. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि घरातल्या सर्वांची वये व नाती दाखवणारे कागदही हवेत.

कायद्यात अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. त्या मुदतीवर न्यायालयात वाद सुरू असला, तरी तिच्या आतच अर्ज करणे शहाणपणाचे. अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागतो असे नाही. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही तो करता येतो. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी ठरावीक भरपाई मिळते: मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये.

अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत रुग्णाकडे पाहायचे की कागदांकडे, असा प्रश्न घरच्यांना पडतोच. रुग्णाकडेच पाहावे. कागदांचे काम घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या शांत डोक्याच्या माणसावर पहिल्याच दिवशी सोपवून टाकावे. डॉक्टरांनीही केसपेपरवरची ओळ लिहिताना लक्षात ठेवावे, की ती पुढे न्यायाधीश वाचणार आहेत आणि एखाद्या घराचे पुढचे दिवस तिच्यावर अवलंबून असतील.