रंग खालून दिसतो, डोलकाठी वर चढून बघा

मंडळी, ३१ जुलै जवळ आली. इंजिन, पंखा, जाळी, रंग, सगळ्यांची कामं जोरात चाललीत. डोलकाठीकडे मात्र कोण मान वर करून बघत नाही.

गेल्या ऑगस्टात आपल्याच एका ट्रॉलरवर, तिसऱ्याच फेरीला, जाळं ओढताना पुढचा ताणाचा वायररोप सुटला आणि डोलकाठी केबिनवर कलली. बर्फाच्या पेटीपाशी बसलेल्या पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. वायररोप तुटला नव्हता. टर्नबकलला स्प्लिट पिनच नव्हती. इंजिनाच्या थरथरीने ते रोज थोडं थोडं उलटं फिरत गेलं, शेवटी आटे संपले. जूनमध्ये आम्ही सगळ्यांनी ती बोट धक्क्यावर पाहिली होती. रंग छान झालाय, एवढंच बोललो होतो.

म्हणून यंदा आम्ही स्वतः पाना घेऊन बोटी बघतोय. वायररोपवरून सुती फडकं फिरवा. जिथे अडकेल तिथे तार तुटलीय. उघड्या हाताने करू नका. टर्नबकलवर गुंडाळलेली टेप काढा. टेपखाली खारं पाणी साचून राहतं आणि स्टेनलेससुद्धा आतून खातं. आटे साफ करून ग्रीस लावा, पिन घाला, टोकं वळवा. शॅकलची पिनही तारेने बांधायची.

सर्वात जास्त चूक दिसली ती यू-बोल्ट क्लिपांत. निम्म्या बोटींवर उलट्या! यू-बोल्ट नेहमी वायररोपच्या आखूड, मोकळ्या टोकावर बसतो. खोबणीचा भाग ताण घेणाऱ्या बाजूला. उलटा लावला तर ताणाचीच बाजू चेपते. १० मिलीमीटरच्या वायररोपला निदान तीन क्लिपा, मध्ये सुमारे ६० मिलीमीटर अंतर. पहिल्या फेरीनंतर परत आवळा, कारण ताण आला की वायररोप बारीक होतो.

डोलकाठीच्या कड्यांच्या वेल्डला चीर आहे का, हे रंगावरून कळत नाही. रंग खरवडा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवा, कोरडं पुसा आणि वर खडू घासा. चीर असली तर खडूवर ओली रेघ उमटते. बुडाशी हातोडीने हलकेच ठोका. पाइप आतून गंजला असेल तर आवाज दबका येतो. शिडाच्या होड्यांवर सगळं दोराने आवळलेलं असायचं, झिजला की डोळ्यांनी दिसायचं. लोखंड तसं सांगत नाही.

चढताना कमरेला पट्टा हवा, खाली एक माणूस हवा, आणि समोरासमोरचे दोन्ही ताण एकाच वेळी सैल करू नका. खलाशी यायची वाट बघत बसलात तर वेल्डर मिळणार नाही, तेव्हा सगळेच त्याच्या मागे असतात. सोसायटीच्या शेडमध्ये पट्टा आणि स्प्लिट पिना ठेवल्यात. त्या ट्रॉलरचे मालक रोज संध्याकाळी तिथे असतात, क्लिपा कशा लावायच्या ते तेच दाखवतात.