मैदानामागची माणसं (भाग ६) : बिनपगारी पायरी

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचा मोसम गेल्या आठवड्यात पाहिला: फेब्रुवारीच्या मध्यात सुरुवात, नियमित मोसमात ५६ सामने आणि जूनमध्ये ओमाहा शहरात कॉलेज वर्ल्ड सिरीज. आज सहायक प्रशिक्षकाबद्दल.

या पेशात येणारे बहुतेक जण आधी खेळाडूच असतात. व्यावसायिक संघात निवड होत नाही, किंवा झाली तरी खालच्या पायरीच्या मायनर लीगमध्येच गाडी अडते. मग जुन्या प्रशिक्षकाला फोन जातो आणि एखाद्या छोट्या कॉलेजात किरकोळ मानधनाची जागा मिळते. काम मात्र पडेल ते. फंगो नावाची लांब, हलकी बॅट घेऊन क्षेत्ररक्षकांना तासन् तास चेंडू मारायचे, पाऊस आला की मैदान झाकायला धावायचं, रात्री प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ बघत बसायचं. आपल्या क्रिकेटच्या नेटमध्ये थ्रोडाउन देणाऱ्याचीच ही जात.

वरच्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, खरी गंमत होती. गंमत कसली, अन्यायच. कॉलेज खेळांची नियामक संस्था असलेल्या एनसीएएच्या नियमानुसार मुख्य प्रशिक्षकाखाली दोनच पगारी सहायक ठेवता येत. तिसरा ‘स्वयंसेवक’. तो रोज मैदानावर राबे, पण कॉलेजकडे पैसा असूनही त्याला पगार देण्याची मुभा नव्हती. खेळाडू हेरायला बाहेरगावी जायचीही त्याला बंदी. घर चालायचं ते उन्हाळी शिबिरं आणि खासगी शिकवण्यांवर. ज्याच्या घरी दुसरा पगार येत होता, तो टिकला. बाकीच्यांनी दुसरी नोकरी धरली. तिसरी पगारी जागा देण्याचा प्रस्ताव २०१९मध्ये फेटाळला गेला. २०२२मध्ये स्वयंसेवकांनी एनसीएएविरुद्ध दावा लावला आणि १ जुलै २०२३पासून हा प्रकार रद्द झाला. आता तिसऱ्याला पगार देता येतो. किती द्यायचा, हे मात्र ज्याच्या त्याच्या तिजोरीवर.

पुढची बढती कशावर ठरते? उत्तम शिकवण्यावर, असं वाटेल. माझ्या मते त्याहून जास्त खेळाडू आणण्यावर. वर्षानुवर्षं एका संघाला ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या २७ जणांपर्यंत वाटता येत. म्हणजे सहायकाने एखाद्याच्या घरी जायचं, फीचा काही भागच माफ होईल असं सांगायचं, तरीही आई-वडिलांचा होकार मिळवायचा. त्यात हा मुलगा शाळेतूनच थेट व्यावसायिक संघाने उचलला, तर सगळी मेहनत पाण्यात! एनसीएएविरुद्धच्या दुसऱ्या एका खटल्यातल्या २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांपुरती शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली.

खेळाडू आणण्याच्या कलेत मुरलेले टोनी विटेलो. मिझुरी, टीसीयू आणि आर्कान्सा या विद्यापीठांत त्यांनी सहायक म्हणून काम केलं. मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नसताना २०१७मध्ये टेनेसीने त्यांना नेमलं. २००५नंतर तोवर राष्ट्रीय स्पर्धेचं तोंडही न पाहिलेल्या त्या संघाने २०२४मध्ये विजेतेपद पटकावलं आणि २०२५मध्ये विटेलो थेट मेजर लीगमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाले.

बढतीची दुसरी वाट पिचिंग, म्हणजे चेंडूफेक, शिकवण्याची. वेस जॉन्सन आर्कान्सातून मेजर लीगच्या मिनेसोटा ट्विन्समध्ये पिचिंग प्रशिक्षक म्हणून गेले आणि जून २०२२मध्ये, संघ आपल्या गटात अव्वल असताना, मोसम अर्धवट टाकून एलएसयू विद्यापीठाच्या सहायकपदावर कॉलेज बेसबॉलमध्ये परतले. मेजर लीग सोडून कॉलेजात! पुढच्याच वर्षी एलएसयू विजेता ठरला, त्यांच्या हाताखालचा पॉल स्कीन्स मेजर लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) पहिला निवडला गेला आणि जॉन्सन जॉर्जियाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

अशी नावं मोजकीच. मुख्य प्रशिक्षकाला काढलं की त्याच्या सहायकांनाही बहुधा सामान बांधावं लागतं, मग त्यांनी आणलेली मुलं कितीही चांगली खेळोत. ती मुलंही हल्ली सहज कॉलेज बदलू शकतात. ते कसं, हे पुढच्या आठवड्यात.