तिकीट एक झाले, भाडे कधी होणार?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ‘मुंबई वन’ अ‍ॅपचे उद्घाटन झाले. लोकल, मेट्रो, बेस्ट आणि ठाणे, नवी मुंबईपर्यंतच्या बसगाड्या, अशा अकरा सेवांचे तिकीट एकाच मोबाईलवर. रांग टळली, सुट्या पैशांची कटकट गेली, हे आम्ही नाकारत नाही. पण ज्यांच्याकडे असा मोबाईलच नाही, त्यांचे काय? आणि ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या खिशाचे काय?

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातून अंधेरी पश्चिमेला घरकामाला जाणारी आमची एखादी भगिनी घ्या. वस्तीतून स्टेशनपर्यंत बस, मग मेट्रो, अंधेरीला उतरून पुन्हा बस. २०१४ साली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि दादरचा वळसा वाचला, हे खरेच. मात्र ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला ५ चे १० आणि वातानुकूलित बसला ६ चे १२ रुपये झाले. जाता-येता चार वेळा बस, म्हणजे साध्या बसलाच रोज २० ऐवजी ४० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरा: ५२० चे १,०४० झाले. मेट्रोचे पैसे वेगळेच! अ‍ॅप या साऱ्याची बेरीज करून देते, बेरीज कमी करीत नाही. लंडनमध्ये २०१६ पासून तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा भाडे पडत नाही. स्मार्ट शहराचे दाखले देणाऱ्यांना एवढीच गोष्ट कशी दिसली नाही?

सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क कलम २१ मध्ये धरला. गरीब माणूस कामाजवळच्या फुटपाथवर का राहतो, याचे कारणही त्याच निकालात आहे: जाण्यायेण्याचा खर्च त्याला झेपत नाही. (पाडकाम मात्र थांबले नाही, तो भाग वेगळा.) बाबासाहेबांच्या घटनेत कलम १५(२) मध्ये विहिरी-तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. त्या रस्त्यावरून धावणाऱ्या बसमध्ये चढणे परवडत नसेल, तर हा हक्क कागदावरच राहायचा काय?

जाब विचारावा तर बेस्ट महापालिकेची, लोकल केंद्राची, घाटकोपरची मेट्रो खाजगी भागीदारीतली. अ‍ॅपसाठी हे सगळे एकत्र बसले. आता भाड्यासाठीही बसावे. पहिल्या गाडीत चढल्यापासून दीड तास एकच भाडे, आणि तेच तिकीट खिडकीवर कागदावरही मिळावे, ही आमची मागणी आहे.