दाराआत दुसरे दार



घरातील मोबाइल वाय-फायला जोडलेला असताना त्याच्या सेटिंगमध्ये 'आयपी पत्ता' शोधून पाहा. बहुतेकांना तेथे १९२.१६८.१.५ किंवा १९२.१६८.०.१०२ अशा, टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार संख्या दिसतील. आता शेजारच्या घरातील मोबाइलवर हेच पाहा. तेथेही १९२.१६८.१.५ दिसण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणजे एकाच इमारतीत एकच पत्ता असलेली कित्येक उपकरणे! तरीही तुम्ही मागवलेला धडा शेजाऱ्याच्या मोबाइलवर उघडत नाही. असे का बरे?

या प्रश्नाचे उत्तर कळले, की आणखी एक कोडे सुटते. पुष्कळ जण इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरच्या मागे स्वतःचा दुसरा राउटर बसवतात. कधी तो सुरळीत चालतो, तर कधी सर्व तारा नीट जोडूनही इंटरनेट सुरू होत नाही. याचे कारणही पत्त्यांतच दडलेले असते.

पत्ते अपुरे पडले

पत्त्यातील प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते. द्विमान पद्धतीत तिला ८ अंक लागतात, म्हणून चार संख्यांना ३२. त्यामुळे या पद्धतीत एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. ही पद्धत १९८१ साली ठरली, तेव्हा संगणक थोडे होते आणि ४२९ कोटी हा आकडा अफाट वाटत होता. आज जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या पुढे आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पत्ते वाटून झाले. एप्रिल २०११ पासून आशिया-पॅसिफिक विभागात, म्हणजे आपल्याकडेही, नवे पत्ते अगदी हात राखून दिले जाऊ लागले.

ही टंचाई येणार हे जाणकारांनी आधीच ओळखले होते. १९९४ साली एक तोड सुचवण्यात आली : घरातील सर्व उपकरणांनी मिळून बाहेर एकच पत्ता वापरावा. १९९६ साली काही पत्ते 'खासगी' म्हणून कायमचे बाजूला काढले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते त्यांतलेच. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत. मात्र बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नाही.

फाटकावरचा कारकून

भिवंडीजवळ अंजूरफाटा, मानकोली, काल्हेर या बाजूंना गेलात, तर गोदामांची मोठमोठी संकुले दिसतात. प्रत्येक संकुलात 'गाळा क्रमांक ५' असतोच. तरीही मालाची गल्लत होत नाही, कारण गाळ्याचा क्रमांक फक्त त्या संकुलाच्या फाटकाच्या आत चालतो.

समजा, एका संकुलाने असा नियम केला, की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मागणीपत्रावर फाटकाचाच पत्ता हवा. गाळा ५ मधून मागणीपत्र आले, की फाटकावरचा कारकून त्यावरचा 'गाळा ५' खोडून तेथे फाटकाचा पत्ता आणि एक क्रमांक लिहितो, उदाहरणार्थ ४०,००१. मग आपल्या वहीत नोंद करतो : '४०,००१ – गाळा ५'. माल घेऊन ट्रक आला, की कागदावरचा क्रमांक पाहून, वही उघडून तो माल गाळा ५ कडे पाठवतो. ज्या ट्रककडे वहीतील क्रमांक नाही, तो फाटकावरूनच परत.

राउटर नेमके हेच करतो. मोबाइलकडून निघालेल्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचा खासगी पत्ता काढून तो आपला बाहेरचा पत्ता घालतो, आणि कोणाचे पाकीट कोणत्या क्रमांकाने गेले याची नोंद ठेवतो. या क्रमांकाला 'पोर्ट' म्हणतात. तो १६ द्विमान अंकांचा असतो, म्हणून ० ते ६५,५३५ एवढे क्रमांक मिळतात. या साऱ्या पत्तेबदलाला 'नॅट' असे नाव आहे. शेजाऱ्याचा आणि तुमचा आतला पत्ता एक असला तरी फाटके वेगळी आणि वह्याही वेगळ्या. म्हणून तुमचा धडा तुमच्याकडेच येतो.

आपला कोण, परका कोण?

पाकीट घरातच द्यायचे की बाहेर पाठवायचे, हे राउटर कसे ठरवतो? यासाठी आपल्या पिनकोडचे उदाहरण घेऊ. श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातील मराठी अधिकाऱ्यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. भिवंडीचा पिनकोड ४२१३०२ आणि कल्याणचा ४२१३०१. पहिले तीन अंक टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन नेमके टपाल कार्यालय. पत्रांची विभागणी करणाऱ्याला आधी फक्त '४२१' पाहिले तरी पुरते.

आयपी पत्त्याचेही असेच दोन भाग असतात. पहिला भाग कोठे संपतो हे 'सबनेट मास्क' सांगतो. घरात तो बहुधा २५५.२५५.२५५.० असतो, अर्थ असा, की पहिल्या तीन संख्या जुळल्या तर 'आपला', नाही जुळल्या तर 'परका'. आपल्यासाठीचे पाकीट घरातच शोधून दिले जाते, परके पाकीट बाहेर धाडले जाते.

दुसरा राउटर बसवताना

भिवंडीत तळमजल्यावर यंत्रमागाचा गाळा आणि वर बिऱ्हाड, अशी घरे आहेत. अशा एका घरी कंपनीचा राउटर खाली गाळ्यात बसवला आहे असे समजा. त्यावर सीसीटीव्हीचे यंत्र चालते आणि येणारे व्यापारीही तेच वाय-फाय वापरतात. राउटरच्या सेटिंग कंपनीच्या ताब्यात आहेत. वर अभ्यासाच्या खोलीत लहरी पोहोचत नाहीत, कारण मध्ये सिमेंटचा स्लॅब आहे. घरच्यांनी दुसरा राउटर आणला.

राउटरला दोन बाजू असतात : बाहेरची 'वॅन' आणि आतली 'लॅन'. खालच्या राउटरच्या लॅन भोकातून तार काढून वरच्या राउटरच्या वॅन भोकात घालायची. खालचा राउटर वरच्याला इतर मोबाइलप्रमाणेच एक पत्ता देतो, समजा १९२.१६८.१.७. वरचा राउटर त्याच्या आत स्वतःचे वेगळे जाळे मांडतो. गोदामाच्या भाषेत सांगायचे, तर एका गाळ्याच्या आत पुन्हा खोल्या पडल्या आणि त्यांच्या दाराशी दुसरा कारकून बसला. बाहेर जाणाऱ्या पाकिटाची नोंद आता दोन वह्यांत होते. उत्तर येताना दोन्ही वह्या क्रमाने पाहिल्या जातात. या दुहेरी नोंदीने लागणारा जादा वेळ आपल्या लक्षातही येत नाही.

मग घोटाळा कोठे होतो? पुष्कळ राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. खालच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि वरच्याचा आतला पत्ताही १९२.१६८.१.१! वरच्या राउटरला बाहेरचे पाकीट पुढे द्यायचे आहे. कोणाला? १९२.१६८.१.१ ला. पण तो तर स्वतःच! शिवाय पहिल्या तीन संख्या दोन्ही बाजूंना सारख्याच असल्याने आपला कोण व परका कोण, हेही ठरत नाही. तारा नीट, दिवे हिरवे, पण इंटरनेट बंद. काही नवे राउटर ही टक्कर ओळखून आपला पत्ता आपोआप बदलतात, पण सगळेच नाही. उपाय सोपा आहे : वरच्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१ असा करायचा. तिसरी संख्या बदलली, की दोन जाळी वेगळी झाली.

आत कोणी असावे?

आता एक महत्त्वाची गोष्ट पाहा. वरच्या जाळ्यातून खालचे सीसीटीव्ही यंत्र गाठता येते, कारण पाकीट दोन्ही जाळ्यांच्या सीमेवरून बाहेर जाते आणि वहीत नोंद होते. उलट, खालच्या जाळ्यातील उपकरण आपणहून वर येऊ शकत नाही. वरच्या कारकुनाच्या वहीत त्याचा क्रमांकच नसतो. दार एकाच बाजूने उघडते.

म्हणून ज्यांचे कागदपत्र, फोटो व अभ्यास जपायचा आहे ती उपकरणे आतल्या राउटरवर ठेवावीत; पाहुण्यांना बाहेरच्या राउटरचे वाय-फाय द्यावे. पुष्कळ जण नेमके उलटे करतात. नवा राउटर 'पाहुण्यांसाठी' म्हणून मागे बसवतात आणि स्वतः बाहेरच्यावर राहतात. त्यामुळे पाहुण्याचा मोबाइल सुरक्षित आतल्या खोलीत, आणि घरच्यांचा संगणक ओसरीवर!

मात्र हे दार म्हणजे तिजोरी नव्हे. आपणच एखादे लबाड ॲप मोबाइलमध्ये घेतले, तर ते आतून बाहेर पाकीट पाठवून स्वतःच वहीत नोंद करून घेते. राउटरचा मूळचा पासवर्डही आठवणीने बदलला पाहिजे.

बाहेरून कोणाला आत घ्यायचे असेल तर?

समजा, परगावी असताना वरच्या घरातील कॅमेऱ्याशी थेट संपर्क साधायचा आहे. आता फाटकावर नोंद नसलेला ट्रक उभा आहे, आणि फाटकेही दोन. दोन्ही कारकुनांना 'अमुक क्रमांकाचा ट्रक आला तर आत सोडा' अशी कायमची सूचना द्यावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीकडून तिच्या राउटरला 'ब्रिज' पद्धतीवर ठेवून घेणे. मग तो नोंदी ठेवत नाही, फक्त पाकिटे पुढे सरकवतो आणि वह्या एकट्या आपल्या राउटरकडे राहतात. पण मग गाळ्यातील उपकरणेही आपल्याच राउटरला जोडावी लागतात. केवळ वाय-फाय वरपर्यंत पोहोचवायचे असेल, तर आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' पद्धतीवर ठेवावा. मग आतले वेगळे जाळे राहत नाही, आणि वेगळे दारही राहत नाही.

तरीही जमले नाही, तर बाहेरच्या राउटरचा वॅन पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीच्या केंद्रातही एक मोठा कारकून बसला आहे आणि अनेक घरे मिळून एक पत्ता वापरत आहेत. हे पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखले गेले. त्या वहीत तुम्हाला काही लिहिता येत नाही.

टंचाईवरचा खरा उपाय म्हणजे १२८ द्विमान अंकांचा नवा पत्ता, 'आयपीव्ही ६'. त्याचे एकूण पत्ते सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतके आहेत, आणि त्याच्या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे. तेथे पत्ते वाचवण्यासाठी कारकुनाची गरज नाही; पण कोणाला आत सोडायचे हे ठरवणारा पहारेकरी मात्र तेथेही लागतोच.

करून पाहा

घरी दोन राउटर असतील, तर वडीलधाऱ्यांना विचारून हा प्रयोग करा. मोबाइल डेटा बंद ठेवा. आधी आतल्या वाय-फायवर राहून ब्राउझरमध्ये बाहेरच्या राउटरचा पत्ता लिहा. त्याचे पान उघडेल. मग बाहेरच्या वाय-फायवर जाऊन आतल्या राउटरचा पत्ता लिहा; पान उघडणार नाही. कोणतीही सेटिंग बदलू नका, फक्त पाहा.

राउटर नसेल, तर हाच खेळ वर्गात चिठ्ठ्यांवर खेळता येईल. चार विद्यार्थी मोबाइल होतील, दोघे वही घेऊन कारकून, आणि शिक्षक होतील दूरचा सर्व्हर. पहिल्या फेरीत चौघांनी एकदमच प्रश्न पाठवावेत. उत्तरे ज्याची त्याला मिळतात का ते तपासावे. दुसऱ्या फेरीत शिक्षकांनी, कोणी न विचारताच, एक चिठ्ठी पाठवावी. ती कोणत्या कारकुनापाशी अडते आणि का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी वही दाखवून द्यावे.