महाविद्यालयीन टेनिस ते व्यावसायिक स्पर्धा : सोमदेव देववर्मन यांची वाटचाल

क्रीडाक्षेत्रात कारकीर्द करावयाची असल्यास पदवी शिक्षण आड येते, असा समज आपल्याकडे रूढ आहे. टेनिसपटू सोमदेव देववर्मन यांची वाटचाल या समजास छेद देते.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात समाजशास्त्राचे शिक्षण घेत असताना ते विद्यापीठाच्या संघातून खेळले. एनसीएए या राष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या एकेरीत २००६ मध्ये ते उपविजेते, तर २००७ व २००८ मध्ये विजेते ठरले. २००७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी जॉन इस्नर यांना नमविले.

पदवीनंतर ते व्यावसायिक स्पर्धांकडे वळले. महाविद्यालयीन विजयांना तेव्हा जागतिक क्रमवारीत गुण नव्हते. ते खालच्या श्रेणीच्या स्पर्धांतून मिळवावे लागत. तरीही २००९ च्या चेन्नई ओपनमध्ये थेट प्रवेशिकेवर खेळून त्यांनी अंतिम फेरी गाठली. २०१० मध्ये राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांत एकेरीची सुवर्णपदके मिळविली. २०११ मध्ये ते क्रमवारीत ६२ व्या स्थानी पोहोचले.

विद्यापीठातील वर्षे त्यांच्या खेळातील खंड ठरली नाहीत. तेथे नियमित सामने, प्रशिक्षण व अध्ययन एकत्र चालले. खेळाडू विद्यार्थ्यापुढे ‘खेळ की शिक्षण’ असा पर्याय ठेवण्यापूर्वी महाविद्यालयांनी आपल्या वेळापत्रकाचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.