जमिनीवरची बेटे

बेट म्हटले की चहूबाजूंनी समुद्राने वेढलेली भूमी आपल्या डोळ्यांपुढे येते. इंडोनेशिया हा तर बेटांचाच देश. सतरा हजारांवर बेटे त्या एका राष्ट्रात आहेत. त्यांतल्या दूरच्या लहान बेटांवरील गावांचे सारे जीवन येणाऱ्या जहाजावर अवलंबून असते. जहाज आले म्हणजे तांदूळ, मीठ, औषध आणि पत्रे येतात. समुद्र खवळला की जहाज येत नाही, आणि गाव आपल्यापुरते जग होऊन बसते. हे वाचताना नागपूरकरास वाटते, दर्याची गोष्ट दर्यावर्द्यांनी ऐकावी. आम्हां कोरडवाहू मुलखातल्या माणसांना तिचे काय?

परंतु आम्ही असे म्हणतो की बेट होण्यास समुद्रच लागतो असे नाही. प्रतापनगरातून निघालेला मनुष्य साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वाट चालून गेला, तर तो भामरागडास पोहोचतो. जिल्हा गडचिरोली, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा निघालेला. जिल्ह्याच्या तीन चतुर्थांश भूमीवर अरण्य. भामरागडापाशी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात त्या फुगल्या, आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले तुंबले, म्हणजे अरण्यातील गावांचा संबंध कधी दिवसांचे दिवस तुटत आला आहे. ही जमिनीवरची बेटेच होत.

या बेटांवर राहतात ते मुख्यतः माडिया गोंड. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित म्हणून ज्या तीन आदिवासी जमाती सरकारने मानल्या आहेत, त्यांत कातकरी व कोलाम यांच्या जोडीला माडिया आहेत. त्यांची भाषा द्राविडी कुळातली. आईच्या मांडीवर माडिया शिकलेले मूल शाळेत जाते, तेव्हा गुरुजी मराठी बोलतात; म्हणजे पहिल्याच दिवशी त्याला अक्षर आणि परकी भाषा या दोन डोंगरांवर एकदम चढावे लागते. मग ते मागे पडले की आपण म्हणतो, बुद्धी कमी!

त्यांचे वर्ष कसे जाते तेही पाहावे. पावसाळ्यात धानाची शेती. ती बहुधा पावसाच्याच भरवशावर. उन्हाळा सुरू होताच मोहाची फुले गळू लागतात. ती रात्रीतून पहाटेपर्यंत पडतात, म्हणून उजाडण्यापूर्वीच घरची बायकामुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. फूल वाळवून ठेवले की ते अन्नही होते आणि पैसाही. फळातल्या बीचे तेल निघते. मे महिन्यात तेंदूपत्ता. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, असा हिशेब. अवघ्या काही दिवसांचा हा हंगाम, पण कित्येक घरांच्या हातात वर्षाचा रोख पैसा येतो तो याच दिवसांत. नवा आंबा, नवा मोह किंवा नवे धान पंडुमाचा सण झाल्यावाचून तोंडी लावायचे नाही, अशी रीत आहे. कोवळे फळ ओरबाडले जाऊ नये, ही या रीतीतली व्यवहारी दृष्टी.

गंमत अशी, की इंडोनेशियाच्या मालुकू बेटांवरही अगदी अशीच चाल आहे. तिला तेथे ‘सासी’ म्हणतात. अमुक काळपर्यंत नारळ उतरवायचे नाहीत, अमुक पाण्यात मासे धरायचे नाहीत, असे गाव ठरवते आणि गावच ती बंदी उठवते. हजारो कोसांवरच्या दोन लोकांनी एकमेकांना न विचारता एकच शहाणपण शोधून काढले आहे. ज्याला त्याच रानावर, त्याच पाण्यावर पुढल्या वर्षीही जगायचे आहे, त्याला ते सुचतेच.

येथे नगरवासी दोन चुका करतात. काहींना हे जीवन म्हणजे निसर्गाच्या कुशीतले काव्य वाटते. साध्या हिवतापाने दगावणारे मूल, किंवा अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडणारे चार पुरुष, त्या काव्यात बसत नाहीत. दुसऱ्यांना ते निव्वळ मागासलेपण वाटते. उचलून शहरात आणले की उद्धार झाला! या दोघांनीही त्या माणसांना काय हवे ते विचारलेले नसते.

ज्यांनी विचारले त्यांचे काम मात्र टिकले. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथेच राहिले. आधी त्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, मग दवाखान्यापाठोपाठ शाळा आली. दुसरे उदाहरण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे. डॉक्टर गावात पोहोचू शकत नाही ना, मग गावातल्याच बाईला नवजात बाळाची शुश्रूषा शिकवावी, असा विचार त्यांनी केला. गडचिरोलीतल्या ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे फलित प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत आली. बेटावर जहाज पोहोचेना, तेव्हा बेटावरच्या माणसाच्याच हाती विद्या दिली, असा याचा अर्थ.

आता अधिक खोल प्रश्नाकडे वळू. हे अरण्य कोणाचे? १९२७ च्या वनकायद्याने ते सरकारचे ठरले, आणि पिढ्यान् पिढ्या त्यात राहणारा मनुष्य आपल्याच रानात चोर झाला. बांबूला त्या कायद्याने वृक्षांत गणले होते. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गाड्या भरभरून बांबू जात असे. पण गावकऱ्याने विकण्यासाठी तोडला तर तो गुन्हा. १९८४ च्या सुमारास इंचमपल्ली व भोपालपट्टणम् या धरणांच्या योजनांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. त्या मंथनातून धानोरा तालुक्यातील मेंढा या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड गावाने आपला रस्ता शोधला. देवाजी तोफा हे गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सोबती. गावाने दोन नियम केले. एक, निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असला तर थांबायचे. दुसरा, निर्णयाआधी अभ्यास करायचा, त्यासाठी अभ्यासगट. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सर्वश्रुत आहे.

२००६ चा वनाधिकार कायदा झाला आणि त्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना कोणी द्यायचा, हा वाद उरलाच. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यास येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ते एक लहानसे पुस्तक. पण विकणारा आणि राखणारा एकच झाला. आज जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. सारे सुरळीत आहे असे नाही. कंत्राटदाराने पैसे थकवल्याच्या तक्रारी होतात, हिशेब ठेवणारी माणसे कमी पडतात. परंतु हे दोष मालकाचे आहेत, गुलामाचे नव्हेत. इंडोनेशियातही २०१३ साली तेथल्या संविधान न्यायालयाने परंपरागत समाजांचे अरण्य हे सरकारी अरण्य नव्हे, असा निर्णय दिला. प्रश्न तेथेही हाच होता.

मग पुढे काय? बेटाला पूल जोडला जात आहे, ही गोष्ट खरी. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाड्यास एस. टी. बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी! बंदुकीच्या दोन्ही बाजूंस चिरडले गेलेले हे लोक आता थोडा मोकळा श्वास घेऊ लागले आहेत. नक्षलवाद्यांची मोठी आत्मसमर्पणे २०२५ साली झाली. दुसरीकडे एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज २०२१ पासून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत आहे.

रस्त्याचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. ज्या रस्त्याने डॉक्टर येतो, त्याच रस्त्याने खनिजाचे ट्रकही जातात. रस्ता नको असे म्हणणे हा शहाण्याचा विचार नव्हे. नाला ओलांडताना ज्याचे माणूस गेले, त्याला विचारा. पण रस्ता झाला म्हणजे भवितव्य सुधारले, हेही खरे नव्हे. खाणीत गावच्या मुलाला हमालाची जागा की यंत्रज्ञाची, डोंगर गेला तर पाणी कोठले, पैसा कोणाच्या हाती, हे ठरवताना ग्रामसभेस विचारले जाते की नाही, यावर सारे अवलंबून आहे. मेंढ्याजवळ खाण नव्हती; होता तो बांबू. पण तो विकण्यापूर्वी गावाने वर्षानुवर्षे एकत्र बसण्याची सवय लावून घेतली होती. ही सवय आधी आणि पैसा मागून आला, म्हणून पैशाने गाव फुटले नाही. जेथे पैसा आधी येईल, तेथे काय होईल याची चिंता आम्हांस वाटते.

आपण हे शहरात बसून का ऐकावे? आपल्या वहीतला कागद कित्येक वर्षे त्या बांबूचा होता. विडीचे पान आजही तेथूनच येते. गडचिरोलीतला गंभीर रोगी पुढल्या उपचारांसाठी बहुधा नागपूरच्याच रुग्णालयात आणतात. तेथली मुले आपल्याच महाविद्यालयांत येतात, आणि त्यांच्या बोलण्याच्या ढबीला आपलीच मुले हसतात. तेव्हा दान देण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. वॉर्डात नातेवाइकाला मराठी उमगत नसेल, तर त्याची भाषा जाणणारा माणूस शोधावा. आणि तेथल्या जंगलाविषयी नागपुरात किंवा मुंबईत काही ठरत असेल, तर पहिला प्रश्न हा विचारावा, की ग्रामसभा काय म्हणते?