वक्र वाटेवरचा घनाकार

सृष्टीला सरळ रेषेचे फारसे प्रेम नाही. पोळ्याला आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात बैलांची शिंगे रंगवून त्यांवर बेगड लावतात. ते शिंग एकदा भूमितीच्या दृष्टीने पाहावे. बुडाशी जाड, टोकाशी निमुळते आणि मध्ये डौलाने वळलेले! असा घनाकार संगणकावर घडविताना पुष्कळ विद्यार्थी गोंधळतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

अनेक छेद जोडून घन बनविण्याच्या क्रियेस 'लॉफ्ट' म्हणतात. लॉफ्ट म्हणजे माळा. पूर्वी जहाजांच्या कारखान्यांत माळ्याच्या प्रशस्त जमिनीवर जहाजाचे छेद पूर्ण मापाने आखीत व लवचिक पट्टी वाकवून त्यांच्या वक्ररेषा काढीत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १८१७ साली बांधलेले 'त्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. त्या काळी रेषा चुकली तर मोलाचे लाकूड वाया जाई. आज केवळ आकृती बिघडते, असे मात्र समजू नये. स्वतःलाच छेदणाऱ्या घनाचे आत कोणते व बाहेर कोणते, हे यंत्राला कळत नाही. मग त्याचे घनफळही विश्वसनीय राहत नाही आणि त्यावरून वस्तूही नीट घडत नाही.

'फ्रीकॅड' ही विनामूल्य मिळणारी प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. तिच्यातील साधा लॉफ्ट केवळ छेद जाणतो, मधली वाट जाणत नाही. बुडाचे आणि टोकाचे अशी दोनच वर्तुळे दिली, तर वळण मिळणार कोठून? येथे 'ॲडिटिव्ह पाइप' ही आज्ञा वापरावी, वक्र वाट दाखवावी आणि 'मल्टिसेक्शन' पर्याय निवडून छेद क्रमाने द्यावेत.

तरीही आकृती बिघडली, तर चार गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक छेद पूर्ण बंद आहे काय? छेदांच्या बाजूंची संख्या सारखी आहे काय? चौरसाला चार बाजू, वर्तुळाला एकच कड. म्हणून त्यांची जोडणी करताना वर्तुळाचे चार कंस करावेत. छेदांचे आरंभबिंदू एकाच अंगाला आहेत काय? एकाचा वर आणि दुसऱ्याचा उजवीकडे असेल, तर पिळलेल्या कापडाप्रमाणे पृष्ठभागास पीळ पडतो. चौथी गोष्ट वाटेच्या वळणाची. वळणाची त्रिज्या दोन सेंटिमीटर आणि छेदाची तीन असेल, तर आतली कड वळणाच्या मध्यबिंदूपलीकडे जाते व घन स्वतःलाच कापतो. अशा वेळी वळण मोठे करावे किंवा छेद लहान करावा. वाटेत तीक्ष्ण कोनही नसावा.

दोष सापडत नसेल, तर सर्व छेद एकदम जोडू नयेत. आधी दोन जोडावेत, मग तिसरा घ्यावा. ज्या जोडीपाशी आकृती मोडते, तेथेच दोष शोधावा. शेवटी 'चेक जिओमेट्री' या आज्ञेने घन तपासावा. कारण डोळ्यांना सुबक दिसणारी आकृतीही सदोष असू शकते.

संगणक वेगवान खरा, परंतु आपल्या मनातील वाट त्याला आपोआप दिसत नाही. ती नेमकी आखून देणे हे आपलेच काम होय. विद्यार्थिमित्रांनी येत्या सुटीत एक शिंग अवश्य घडवून पाहावे.